खोली सोड, एवढेच म्हणायचे होते

एका नागरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात मी एकोणीस वर्षे काढली. थकबाकीदारांना नोटिसा पाठवणे, जामीनदारांना बोलावून घेणे, आणि कशानेच काम भागले नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी कागद तयार करणे, हे माझे रोजचे काम होते. माझ्यासमोर बसून माणसे रडली आहेत, ओरडली आहेत, आणि एकाने तर माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून मुदत मागितली आहे. त्या कोणालाही उत्तर देताना माझा आवाज फारसा हलला नाही. म्हणूनच माझ्याच घरातल्या एका खोलीत राहणाऱ्या, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असलेल्या मुलीला ‘आता तू दुसरीकडे जागा बघ’ हे एक वाक्य सांगायला मला जवळजवळ तीन महिने लागले, याचे मला अजूनही नवल वाटते.

कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझे दोन शयनगृहांचे घर आहे. यजमान गेल्यानंतर आणि मुलगी डब्लिनला स्थायिक झाल्यानंतर त्यातली एक खोली वर्षभर बंदच होती. पैशांची मला निकड नव्हती. निवृत्तिवेतन नाही, पण ठेवींचे व्याज आहे आणि गरजा थोड्या आहेत. रात्री घरात दुसऱ्या कोणाच्या तरी वावरण्याचा आवाज असावा, एवढ्याच हेतूने मी ती खोली द्यायचे ठरवले. मेट्रोचे आनंदनगर स्थानक चालत आठ मिनिटांवर असल्यामुळे विचारणा पुष्कळ झाली. त्यातून मी अकोल्याकडची, शिवाजीनगरला एका हिशेबतपासनीसाच्या कार्यालयात नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली मुलगी निवडली. ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “काकू, मला पसारा अजिबात खपत नाही.” हे वाक्य मी तेव्हा गुण म्हणून ऐकले.

भाडेकरू न ठेवता घरातच राहणारी पेइंग गेस्ट ठेवावी, असा आग्रह माझ्या भावाचा होता, आणि त्यामागे आमच्या घरातली एक जुनी भीती होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात वडिलांनी १९७१ साली मागच्या दोन खोल्या एका शिक्षकांना ‘लिव्ह अँड लायसन्स’ने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीने दिल्या होत्या. १९७३ साली मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू कराराने जो कोणी जागेत राहत होता, त्याला भाडेकरूचे संरक्षण मिळाले. वडील एका दिवसात परवानगी देणाऱ्याचे घरमालक झाले आणि ते शिक्षक पाहुण्याचे कूळ झाले. पुढे लघुवाद न्यायालयात चौदा वर्षे दावा चालला. गंमत अशी की, त्या चौदा वर्षांत त्यांच्या घरची पुरणपोळी आमच्याकडे आणि आमच्या घरचे उकडीचे मोदक त्यांच्याकडे जाणे एकदाही चुकले नाही. तारखेच्या दिवशी वडील आणि ते शिक्षक एकाच रिक्षाने शिवाजीनगरच्या कोर्टात जात असत. तरीही आमच्या घरात ‘एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही’ हे वाक्य बोधवाक्यासारखे राहिले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने ही परिस्थिती बरीच पालटली असली, तरी पुण्यातल्या जुन्या घरमालकांच्या मनातून १९७३ अजून गेलेले नाही.

त्यामुळे कागदपत्रांत मी कसूर ठेवली नाही. अकरा महिन्यांचा करार असला की तो नोंदवावा लागत नाही, असा एक समज सर्वत्र ऐकायला मिळतो; तो आपल्या राज्यापुरता तरी चुकीचा आहे. नव्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी, एवढ्या खर्चासाठी लोक ही जोखीम का पत्करतात हे मला कधी कळलेले नाही. जून २०२३ पासून अकरा महिने, दरमहा ९,००० रुपये, १८,००० रुपये अनामत, एक महिन्याची नोटीस, असा करार झाला. एजंट घरी येऊन आम्हा दोघींचे अंगठे यंत्रावर घेऊन गेला आणि पोलीस ठाण्याला द्यायची माहितीही मी त्याच आठवड्यात दिली.

घरात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे मात्र मी कुठेही लिहिले नाही. ते लिहिणे मला क्षुद्रपणाचे वाटले.

पहिले तीन महिने उत्तम गेले. सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. तापाच्या चौथ्या दिवशी प्लेटलेट २८ हजारांवर आल्या आणि रात्री अकरा वाजता मला रुग्णालयात हलवावे लागले. रिक्षा तिने आणली, मला धरून खाली तिने नेले, दाखल होताना लागलेले पाच हजार रुपये तिने भरले, आणि पाच रात्री ती माझ्या खाटेशेजारच्या बाकावर झोपली. डब्लिनहून मुलीचा फोन येई तेव्हा तिलाच तो घ्यावा लागे, कारण मला बोलण्याचे त्राण नव्हते. घरी आल्यावर मी पाच हजार रुपये लगेच परत केले. तिने ते घेतले. परंतु असा हिशेब पैशांनी मिटत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ तिथेच आहे.

मी अशक्त होते म्हणून स्वयंपाकघर तिने हाती घेतले. त्यात गैर काहीच नव्हते. मी बरी झाल्यावर ते माझ्या हाती परत आले नाही, इतकेच. एके दिवशी माझे डबे उतरंडीसारखे लावलेले होते त्याऐवजी चौकोनी, पारदर्शक, एकसारख्या डब्यांची रांग दिसली आणि प्रत्येकावर छापील चिठ्ठी होती: ‘तूरडाळ’, ‘मूगडाळ’, ‘पोहे जाड’, ‘पोहे पातळ’. दिसायला ते देखणेच होते. पण मी पस्तीस वर्षे डोळे मिटून ज्या फडताळात हात घालत होते, तिथे आता हात घातला की साबुदाणा लागू लागला. त्यानंतर धुणीभांडी करणाऱ्या मावशींची पाळी आली. अकरा वर्षे माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींना तिने एका सकाळी न्हाणीघराची फरशी तीनदा पुसायला लावली आणि त्या दिवशी त्यांनी जाताना माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत होते, किंवा तसे दाखवत होते. आठवड्याने त्यांनी काम सोडले. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःची लाज वाटते ती या एका सकाळची.

बाकीच्या गोष्टी सांगू लागले तर त्या हास्यास्पद वाटतील, कारण त्यातली एकही गोष्ट तक्रार करण्याएवढी मोठी नाही. रात्री साडेबारापर्यंत दिवाणखान्यात स्पीकरवर फोन लावून भावाशी वडिलोपार्जित शेताच्या वाटणीविषयी चालणारे बोलणे; माझ्या गॅलरीतल्या कुंड्या जिन्यात जाऊन त्या जागी आलेली कपडे वाळवायची जाळी; ‘चार दिवसांसाठी’ आलेली आणि तीन आठवडे राहिलेली मैत्रीण. माझ्या वहिनीने एकदा दुपारी फोन केला तेव्हा तिने परस्पर सांगितले, “काकू झोपल्यात, मी त्यांना आता उठवणार नाही.” मी जागीच होते; शेजारच्या खोलीत भाजी निवडत होते. वहिनीने मला संध्याकाळी विचारले, “तुझ्या घरात तुला भेटायला परवानगी लागते का गं हल्ली?” तेव्हा मी हसले, पण ते वाक्य मनात रुतून बसले. शेजारीपाजारी मात्र मला म्हणत, “नशीबवान आहात, पोटच्या मुलीसारखी करते.” त्यांचे बोलणे खोटे नव्हते. पोटच्या मुलीसारखीच ती माझ्यावर ओरडत असे आणि पोटच्या मुलीसारखीच मला विचारत नसे.

एप्रिल २०२४ अखेर करार संपला. तो नव्याने करायचा की नाही याचा निर्णय मला घेता आला नाही, म्हणून मी काहीच केले नाही. बँकेत एखाद्या अधिकाऱ्याने मुदत संपलेले खाते असे पडू दिले असते तर मी त्याला मेमो दिला असता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी मी पाच दिवस नाशिकला गेले होते. परत आले, कुलूप उघडले आणि दिवा लावायला गेले तर देवघर जागेवर नव्हते. ते ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे दिवाणखान्यात टीव्हीच्या पलीकडे गेले होते, कारण आधीची दिशा चुकीची होती असे तिने कुठेतरी पाहिले होते. यजमानांचा फोटो दिवाणखान्यातून माझ्या झोपण्याच्या खोलीत आला होता. हे सगळे वाईट हेतूने केलेले नव्हते, आणि तीच अडचण होती. तिने देवघरातली सगळी पितळी उपकरणी चिंचेने घासून अशी लखलखीत केली होती की सासूबाई गेल्यानंतर ती तशी कधी दिसलीच नव्हती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, “छान केलंस गं.” त्या रात्री मी ठरवले की हिने गेलेच पाहिजे.

ठरवणे आणि सांगणे यांत जे तीन महिने गेले, त्यांत मी जे उद्योग केले ते पुणेरी माणसाला शोभणारे होते. प्रत्यक्ष न बोलता मी चिठ्ठ्या लावू लागले. ‘रात्री दहानंतर दिवाणखान्यात फोनवर बोलू नये’ अशी चिठ्ठी मी शीतकपाटावर लावली. दुसऱ्या दिवशी तिने ती तिच्या यंत्रावर छापून, चौकटीत बसवून, अधिक नेटकी करून लावली आणि बोलणे पूर्ववत चालू ठेवले. मग मी सबबींकडे वळले. डिसेंबरमध्ये मुलगी डब्लिनहून येणार आहे, खोली लागेल, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, “त्यात काय काकू, मी महिनाभर हॉलमध्ये झोपेन.” खोलीला रंग द्यायचा आहे असे सांगितले, तर तिने एका ओळखीच्या रंगाऱ्याचा दर काढून आणला, आणि तो खरोखर स्वस्त होता. भाडे वाढवावे लागेल असे म्हटले, तर तिने काहीच उत्तर दिले नाही, पण जुलैचे भाडे दिले नाही आणि ऑगस्टचेही दिले नाही.

इथे मला माझी बँकेतली एक जुनी शिकवण आठवायला हवी होती. थकबाकीदाराला कारण सांगायचे नसते, तारीख सांगायची असते, कारण कारण सांगितले की त्यावर तोडगा निघतो. माझी प्रत्येक सबब हा तिच्यासाठी सोडवण्याचा प्रश्न होता आणि प्रश्न सोडवण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. खरे कारण एवढेच होते की मला माझे घर परत हवे होते, आणि नेमके तेच सांगायला मी धजावत नव्हते, कारण पाच रात्री बाकावर झोपलेल्या मुलीला हे सांगणे मला कृतघ्नपणाचे वाटत होते.

सप्टेंबरमध्ये बँकेच्या वेळेपासून ओळखीच्या असलेल्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी करार पाहिला, तो संपल्याची तारीख पाहिली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: कागदावर हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे आणि राहण्यात ती पेइंग गेस्ट आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात ‘लायसन्सी’, म्हणजे परवानगीने राहणारा, या शब्दाच्या व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळला आहे. परवानगी देणारा स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा भाग ज्याला दिला आहे, असा कुटुंबाबाहेरचा माणूस म्हणजे पेइंग गेस्ट. तिला लायसन्सी मानले, तर कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागेच्या ताब्यासाठी अर्ज करता येतो, नोंदणीकृत करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा ठरतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पेइंग गेस्ट मानले, तर मागे १८८२ चा सुविधाधिकार कायदा उभा आहे. त्याखाली दिलेली परवानगी काढून घेता येते, मात्र जायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. “दोन्ही वाटांनी तिला जावं लागेल,” ते म्हणाले, “पण तुम्ही ती ऑफिसला गेल्यावर कुलूप बदललंत, सामान जिन्यात ठेवलंत किंवा खोलीची वीज तोडलीत, तर त्याच दिवशी तक्रारदार ती होईल आणि आरोपी तुम्ही. ते करू नका.” असे काही करण्याचा माझा विचार नव्हता हे मी सांगितले. ते हसून म्हणाले, “सगळे तसंच सांगतात.” मग त्यांनी मला विचारले की मी तिला अजून जायला सांगितलेच नाही, हे खरे आहे का. मी हो म्हटले. त्यांनी फी घेतली नाही, आणि तो अपमान मला पुरला.

दसरा शनिवारी, १२ ऑक्टोबरला होता. सणाच्या दिवशी नको म्हणून मी दुसऱ्या दिवशीचा रविवार ठरवला. बोलायचे ते आदल्या रात्री कागदावर लिहून काढले, खोडले, पुन्हा लिहिले. शेवटी चार वाक्ये उरली. नोटिशीचे पत्रही दोन प्रतींत तयार ठेवले: करार ३० एप्रिल २०२४ रोजी संपला आहे, तो पुढे वाढवायचा नाही, खोली ३० नोव्हेंबरपर्यंत रिकामी करून द्यावी, अनामतीचा हिशेब त्याच दिवशी होईल. करारात एक महिना होता. मी अठ्ठेचाळीस दिवस दिले, कारण मध्ये दिवाळी होती आणि दिवाळीच्या तोंडावर कोणालाही जागा शोधायला लावू नये असे मला वाटते.

चहा झाल्यावर मी म्हणाले, “तुला एक सांगायचं आहे आणि ते मी ठरवलेलं आहे. मला या घरात आता एकटीनं राहायचं आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत तू दुसरी जागा बघ. माझ्या आजारपणात तू जे केलंस ते मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “माझं काय चुकलं?” या प्रश्नाची मला सर्वांत जास्त धास्ती होती, कारण त्याचे उत्तर माझ्याकडे पाठ होते: डबे, मावशी, कुंड्या, देवघर. ते उच्चारले असते तर प्रत्येक गोष्टीवर एक खुलासा आला असता, बहुतेक खुलासे बरोबर असते, आणि रात्री दहा वाजता ती खोलीत आणि मी देवघर हलवण्याच्या वाटाघाटीत असते. मी म्हणाले, “चुकण्याचा प्रश्न नाही. मला घर एकटीला हवं आहे.” तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच वाक्य म्हटले. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज कापला, पण वाक्य बदलले नाही.

मग ती जे बोलली ते मी इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. “गरज सरो, वैद्य मरो,” ती म्हणाली. “तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा माझी चार दिवसांची बिनपगारी रजा झाली होती. मी तुम्हाला सांगितलंही नाही. दोन महिन्यांचं भाडं मी दिलं नाही ते का, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?”

मी विचारले नव्हते. वर्षभर मी तिच्या उपकाराचे ओझे वाहिले, पण तो उपकार तिला केवढ्याला पडला हे विचारण्याचे सौजन्य मला सुचले नव्हते. त्या क्षणी सगळे परत घ्यावे, ‘राहा बाई’ म्हणावे, असे मला तीव्रतेने वाटले. तसे मी केले असते तर ते तिच्यासाठी नव्हे, माझ्या ओशाळेपणासाठी केले असते. मी उठून कपाटातली वही आणली. वहीचा आधार मला नेहमीच वाटत आलेला आहे. मी तिला म्हणाले की ही दोन वेगवेगळी खाती आहेत आणि ती मी एकमेकांत मिसळणार नाही. दोन महिन्यांचे १८,००० रुपये अनामतीतून वळते होतील, म्हणजे तो हिशेब शून्यावर येईल. आणि चार दिवसांच्या पगाराची रक्कम तू सांग, ती मी वेगळी देईन. तिने ४,८०० रुपये सांगितले. मी तिथेच धनादेश लिहिला. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तिने सही केली, तारीख घातली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले. धनादेश तिने दुसऱ्याच दिवशी वटवला, आणि खात्यातून रक्कम गेल्याचा संदेश आला तेव्हा मला हायसे वाटले.

पुढचे अठ्ठेचाळीस दिवस वाईट होते, पण ते वाईट कसे होते हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. अबोला ज्यांनी घरात अनुभवला आहे त्यांना तो ठाऊक आहे. ती सकाळी लवकर जाई, रात्री उशिरा येई, स्वतःपुरते शिजवी. भाडे मात्र ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे एक तारखेला आले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये ओळख दाखवणे सोडले. सोसायटीचे सचिव समेट घडवायला म्हणून आले, अर्धा तास बसले, आणि जाता जाता म्हणाले की पेइंग गेस्ट ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्काचा विषय कमिटीत निघाला होता. ते शुल्क सभासद स्वतः राहत नसेल तर लागते, मी इथेच राहते, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. इतक्या महिन्यांत न अडखळता बोललेले ते माझे पहिले वाक्य असावे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती गावी होती. निघताना तिने दाराबाहेर रांगोळी काढून ठेवली होती. मला न सांगता.

३० नोव्हेंबरला सकाळी टेम्पो आला. सामान खाली जाईपर्यंत मी तिच्या खोलीत गेले नाही. तिने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, मी खोली रिकामी मिळाल्याचा कागद लिहिला, दोघींनी सह्या केल्या. तिने मला वाकून नमस्कार केला आणि मी तिच्या हातावर साखर ठेवली, कारण घरातून निघणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये, एवढे तरी मला सुचले. संध्याकाळी मी यजमानांचा फोटो दिवाणखान्यात आणला. देवघर एकटीला उचलेना, म्हणून ते आठ दिवस तिथेच राहिले. मग मावशींना बोलावणे पाठवले. त्या आल्या, पण आधीच्या पगारावर नव्हे.

जानेवारीत तिचा संदेश आला. कार्यालयात घरभाडे भत्त्याचा पुरावा द्यायचा होता, तर एप्रिल ते नोव्हेंबरच्या पावत्या मिळतील का, असे तिने विचारले होते. मी आठ पावत्या लिहिल्या. जुलै आणि ऑगस्टचे भाडे अनामतीतून वळते झाले होते म्हणजे मिळालेच होते, म्हणून त्या दोन पावत्यांवर तसे नमूद केले. तिच्या कार्यालयाचा आग्रह होता म्हणून एक एक रुपयाची आठ रेव्हेन्यू तिकिटे आणून चिकटवली आणि त्यावर सह्या केल्या.

ती रविवारी सकाळी आली. आत ये म्हटले, पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिथेच एकेक पावती नीट वाचू लागली. सहावी की सातवी पावती पाहताना ती थांबली.

“काकू, ऑगस्ट दोनदा झालाय. जुलैची पावतीच नाही यात.”

तिचे बरोबर होते. मी पेन आणायला आत गेले.